सद्गुण आचरल्याने मूल्य निर्माण होते, ते नेमके कोणासाठी?

आपण विचारले आहे की प्रामाणिकपणा, धैर्य, संयम यांसारख्या सद्गुणांच्या आचरणातून ‘मूल्य निर्माण होते’ असे जे म्हणतात, त्याला काही ठोस अर्थ आहे का, आणि असेल तर सरळ वागणारी माणसे अनेकदा मागे का पडतात. मी गेली २२ वर्षे हिशेबतपासणीचे काम करते आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर विसंबता येईल की नाही, हे पाहण्यासाठीच मला वेतन मिळते. सद्गुण नसतात तेव्हा किती खर्च येतो हे त्यामुळे मला रोज दिसते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच द्यावेसे वाटते.

‘मूल्य’ हा शब्द आपण बाजारभावासाठीही वापरतो आणि नीतीसाठीही, म्हणून थोडा गोंधळ होतो. प्रामाणिकपणाची किंमत सांगता येत नाही. त्याच्या अभावाची मात्र सांगता येते, कारण तिची बिले येतात. एका व्यवहारावर दोन सह्या, त्या सह्या खऱ्या आहेत का हे पाहणारा तिसरा माणूस, मालाची दुबार मोजणी, पहारा, कराराची वाढत जाणारी पाने आणि एवढे करूनही बिनसलेच तर न्यायालयात जाणारी वर्षे, या साऱ्या खर्चातून नवे काहीच उभे राहत नाही. फार तर नुकसान टळते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९७२ मध्ये लिहिले होते की जवळपास प्रत्येक व्यापारी व्यवहारात विश्वासाचा काही अंश असतोच, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारात तर तो नक्कीच असतो. शब्द पाळणारी दोन माणसे एकत्र काम करतात तेव्हा राखणदारीवरचा हा खर्च वाचतो, आणि वाचलेला वेळ, पैसा व लक्ष मूळ कामाकडे वळते. मूल्य निर्माण होण्याचा पहिला आणि अगदी व्यवहारी अर्थ मी हाच घेते.

मग सरळ माणूस मागे का पडतो? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जे विवेचन केले, त्याहून चांगले उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून घेणारा चांगल्या आणि सदोष गाड्यांची सरासरी धरून भाव सांगतो. तो भाव सदोष गाडीच्या मालकाला परवडतो, चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो, उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो आणि भाव आणखी उतरतो. म्हणजे लबाडी करणारा आपल्या गिऱ्हाइकाला फसवतोच, शिवाय शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याच्या मालावरही संशय ओढवतो. सरळपणा हरतो तो बहुधा तो कोणाच्या नजरेस पडत नाही तिथे, असे मी यावरून समजते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण शेवटी मला त्याच्याकडेच यायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत तपासणी चालू असताना तेथील एक कनिष्ठ लेखापाल स्वतःहून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, मागच्या तिमाहीत एका पुरवठादाराला रक्कम दोनदा गेली आहे. नोंद माझ्या हातची आहे.” आम्ही तपासणीसाठी निवडलेल्या नमुन्यात तो व्यवहार नव्हता. ते गप्प राहिले असते तर बहुधा कोणालाच कळले नसते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. रक्कम त्याच आठवड्यात परत मागता आली, ही झाली सहज दिसणारी गोष्ट. ती दोनदा का गेली याचा शोध घेताना लक्षात आले की एकच बिल दोन वेगळ्या क्रमांकांनी नोंदवले, तरी संगणक प्रणाली ते अडवत नाही. हा दोष त्यांच्या आधीपासून होता आणि तो दुरुस्त झाला. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुढच्या दोन दिवसांत घडले. त्याच विभागातील आणखी दोघे जण आपापल्या नोंदींविषयीच्या शंका घेऊन माझ्याकडे आले. पहिल्याने तोंड उघडले आणि आकाश कोसळले नाही, हे त्यांनी पाहिले होते.

रुग्णालयांमधील औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात याच जातीचे काही आढळले. ज्या चमूंचे नेतृत्व चांगले होते त्यांच्या खात्यावर चुका कमी दिसायला हव्या होत्या, प्रत्यक्षात त्या अधिक दिसल्या. तिथे चुका अधिक होत नसून त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात असाव्यात, असा उलगडा त्यांनी केला. धैर्य आणि सचोटी एकत्र आल्या की माहिती वाहू लागते, आणि दडलेली चूक सुधारता येत नसल्यामुळे ही वाहती माहिती हेच मूल्य ठरते.

आता आचरणाविषयी. एखादा गुण माणसात ‘असतो’ असे आपण सहज म्हणतो, पण तो अंगी बाणतो किंवा अंगवळणी पडतो, हे मराठीतले प्रयोग मला अधिक नेमके वाटतात. ॲरिस्टॉटलचे म्हणणेही हेच होते: घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाची कृत्ये करता करता न्यायी होतो. नुसते जाणणे किती अपुरे असते हे मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांच्या १९७३ मधील प्रयोगात दिसते. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायला सांगितले होते, आणि त्यांपैकी काहींचा विषय वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील कथा हाच होता. वाटेत एक माणूस दाराशी वाकून कण्हत बसलेला होता. ज्यांना पुरेसा वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले; ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही.

हा प्रयोग मी अनेक वर्षे विसरू शकलेले नाही, कारण दुष्टपणापेक्षा घाई माणसाला अधिक वेळा आडवी येते हे माझ्या स्वतःच्या कामातही खरे ठरले आहे. मुदत जवळ आली की मी कठोर होत असे, समोरच्याचे पूर्ण ऐकून घेत नसे, आणि नंतर त्याला शिस्त असे नाव देत असे. आता प्रत्येक तपासणीच्या वेळापत्रकात शेवटचा अर्धा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवते. ही साधी तजवीज आहे, परंतु संयम अंगी बाणवण्यासाठी मी केलेल्या साऱ्या संकल्पांपेक्षा तिचा उपयोग अधिक झाला.

सुटा सद्गुण मात्र धोक्याचाही ठरतो. धैर्य दरोडेखोरालाही लागते, आणि चिकाटी खोटे हिशेब वर्षानुवर्षे जुळवून ठेवणाऱ्याकडेही असते. मी ती पाहिली आहे. कोणता गुण कुठे आणि किती, हे सांगणारे तारतम्य नसेल तर बाकीच्या गुणांतून मूल्य निर्माण होईलच असे नाही.

सद्गुणांतून एवढे मूल्य निर्माण होत असेल तर त्यांना सरळ पैशांचे बक्षीस किंवा दंड का जोडू नये, असे आपल्याला वाटेल. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला इस्रायलमधील हैफा येथील १० पाळणाघरांचा अभ्यास इथे सावध करतो. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावण्यात आला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. शिक्षिकांना ताटकळत ठेवू नये ही आतली बोच होती, तिच्या जागी दंड ही उशिराची किंमत होऊन बसली. पुढे दंड काढून घेतला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की सद्गुण विकत घेण्याचा प्रयत्न करू नये, पण तो इतरांना दिसेल अशी व्यवस्था करावी.

त्या लेखापालांच्या बाबतीत हेच माझ्या हातून राहून गेले. त्यांच्या सांगण्याचा लाभ संस्थेला झाला, सहकाऱ्यांना झाला, मलाही झाला. त्यांना स्वतःला मात्र त्या वर्षी कमी वेतनवाढ मिळाली, कारण अहवालात त्यांच्या नावासमोर चूक केल्याची नोंद होती. तो अहवाल मी लिहिला होता. चूक कोणी, कधी आणि किती रकमेची केली यासाठी अहवालाच्या ठरावीक नमुन्यात रकाने होते. ती कोणी उघड केली यासाठी नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मी ते लिहिले नाही. हे कळल्यावर मी त्यांच्या वरिष्ठांना स्वतंत्र पत्र लिहिले, पण वेतनवाढीचा निर्णय तोवर झाला होता. त्या वर्षापासून माझ्या प्रत्येक अहवालात, रकाना असो वा नसो, जिथे लागू असेल तिथे एक वाक्य असते: ‘ही चूक संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः निदर्शनास आणून दिली.’