सही खरी, पण कधीची?

प्रश्न : अलाहाबाद–नैनी पहिल्या हवाई टपालाचं कार्ड (१८ फेब्रुवारी १९११) विकत मिळतंय. वैमानिक आंरी पेके याची सही आहे. घ्यावं का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आधी शिक्का पाहा. तो विमानाच्या चित्राचा, सहसा किरमिजी असतो. मग दहापट भिंगातून सही. बॉलपेनची असेल तर १९११ची नव्हेच. पण पेके १९७४पर्यंत हयात होते, त्यामुळे नंतरची खरी सही असू शकते. किंमत मात्र नंतरच्या सहीचीच द्या! अतिनील दिव्याखाली कार्ड निळसर-पांढरं चमकलं, तर कागद बहुधा १९५०नंतरचा. सरळ परत करा.

पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या रसायनाने शाई पसरते. पॉलिएस्टरचं वापरा. लॅमिनेशन? अजिबात नको.