बोर्ड, बॉक्स, पाइप सगळं प्लास्टिकचं असेल तर अर्थिंगची वायर टाकायची गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की वायरमन म्हणतो, "प्लास्टिकात करंट येत नाही, हिरव्या वायरचा खर्च वाचवा." अजिबात वाचवू नका. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून ऐकलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात आमचं गाव. मामा जुने वायरमन, अर्ध्या गावाची लाइट त्यांच्या हातची. आमचं घर बांधलं तेव्हा मी आयटीआयचा वायरमन ट्रेड करून नुकताच आलो होतो. हिरव्या वायरचं बंडल मी स्वतःच्या पैशानं आणलं. मामा म्हणाले, "प्लास्टिकच्या डब्ब्याले अर्थिंग कायले पाह्यजे? दोन वर्स शिकून आला तं आमाले शिकवतं का?" बाबांनीही मलाच गप्प बसवलं. तरी मामांनी वायर पाइपातून ओढली, म्हणून मी पुढं वाद घातला नाही. चूक तिथंच झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, आई सपरीतल्या (ओसरीतल्या) लोखंडी कुलरमध्ये घागरीनं पाणी टाकत होती. कुलर चालूच होता. अनवाणी पाय, खाली सांडलेलं पाणी. एकदम तिचा आवाज बंद झाला, आणि हात कुलरच्या कडेला चिकटलेला. मी धावत जाऊन मेन पाडला तेव्हा ती खाली कोसळली. वाचली. दोन बोटांवर पांढरे चट्टे होते आणि हात रात्रभर बधिर.

त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात मी बोर्ड खोलला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू कोरा. हिरवी वायर बॉक्समध्ये आलेली, पण दुमडून, काळ्या टेपनं गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली. सगळ्या बोर्डांत तसंच. मग माझ्या ध्यानात आलं. जुन्या लोखंडी बॉक्सला अर्थिंगचा स्क्रू बॉक्सच्याच अंगावर असतो, मामांचा हात त्याला सरावलेला. प्लास्टिकच्या बॉक्सला तो स्क्रू नाही, म्हणून वायर कुठंच लावली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. प्लास्टिकच्या डब्याला अर्थिंग लागत नाही, हे मामांचं बरोबर होतं. पण अर्थिंग डब्यासाठी नसतंच, डब्याच्या पुढं जे लोखंड आहे त्याच्यासाठी असतं: कुलर, फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर, ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी. लोखंडी पाइप आणि लोखंडी बॉक्स असताना ते एकमेकांना जोडलेलेच असत, एखाद्या ठिकाणी वायर सुटली तरी करंटला जमिनीत जायला थोडाफार रस्ता उरायचा. प्लास्टिकात तो रस्ताच नाही. म्हणजे हिरव्या वायरची गरज उलट वाढते. प्रत्येक बॉक्समध्ये आलेली, पुढं गेलेली आणि सॉकेटला जाणारी अशा तिन्ही हिरव्या वायरी एकत्र घट्ट जोडायच्या, म्हणजे एक सॉकेट काढलं तरी पुढच्याचं अर्थिंग तुटत नाही.

मामा आजही म्हणतात, कुलरचा पंप खराब होता. होताच. कुलरचा पंप पाण्यात बसतो, तो कधी ना कधी खराब होणारच. हिरवी वायर त्याच दिवसासाठी असते. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते ती उगाच नाही. लावताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. ती पिन कापून दोन पिनांच्या भोकात प्लग घालणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही, मग तो नात्यातला का असेना.

आणि थ्री-पिनमध्ये न्यूट्रलचाच (करंट परत नेणाऱ्या वायरचाच) तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारेही आहेत. वाटेत न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले, की कुलरच्या अंगात सरळ २३० व्होल्ट.

एक सांगायचं राहिलं. नुसती वायर जोडून भागत नाही, ती जिथं जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डाही चांगला पाहिजे. आपली काळी जमीन एप्रिल-मेत भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला तर फॉल्टमध्ये जेमतेम ४.६ अँपिअर वाहतात. तेवढ्यानं १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाका, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवाच. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. प्लास्टिक बॉडीचा कुलर असला तरी आतल्या मोटर-पंपाची हिरवी वायर जोडलेली पाहिजे. मोबाइलच्या चार्जरसारख्या, एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेल्या वस्तूंना मात्र अर्थिंग लागत नाही.

सॉकेटं बसवून झाली की वायरमनला तुमच्यासमोर एकेक सॉकेट उलटं करून दाखवायला लावा. वरच्या स्क्रूखाली हिरवी वायर दिसली नाही, तर मजुरी देऊ नका. तो तुमचा मामा असला तरी.