व्हॉल्व्हचं इन्फेक्शन आणि त्यातून स्ट्रोक, ऑपरेशन लगेच करायचं का थांबायचं?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या हृदयातल्या मायट्रल व्हॉल्व्हला (डाव्या बाजूची झडप) इन्फेक्शन झालं, त्यातच उजवी बाजू गेली, आता सर्जन म्हणतात दोन दिवसांत ऑपरेशन करू आणि न्यूरोवाले म्हणतात महिनाभर थांबा, मग ऐकायचं कोणाचं. मी हार्ट सर्जरीत भूल देतो, ही ओढाताण आमच्याकडे नेहमीचीच. पहिलं विचारा, सीटीत मेंदूत रक्तस्राव दिसलाय का?

न्यूरोवाल्यांची भीती खोटी नाही. ऑपरेशनला हार्ट-लंग मशीन (तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं) लागतं, त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरपूर द्यावं लागतं, वर बीपी खालीवर होतं, आणि स्ट्रोकने दुखावलेल्या भागात त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. पण थांबणंही फुकट नाही. व्हॉल्व्हवर जे व्हेजिटेशन, म्हणजे जंतू आणि गुठळीचा गोळा, लोंबतंय त्याचा तुकडा सुटून परत मेंदूत जाऊ शकतो, 10 मिमीपेक्षा मोठं असेल तर जास्तच, आणि हा धोका अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. म्हणजे महिना थांबायचं तर नेमका तोच वाईट काळ अंगावर काढायचा.

म्हणून युरोपच्या 2023 च्या गाईडलाईनचा कल असा आहे: रक्तस्राव नाही, पेशंट कोमात नाही, आणि हार्ट फेल होतंय किंवा इन्फेक्शन आटोक्यात नाही किंवा पू झालाय किंवा तुकडा सुटायची भीती कायम आहे, तर उशीर नको. मोठा रक्तस्राव असेल तर जमल्यास महिन्याहून जास्त थांबा, पण तेवढ्यात हार्टच साथ सोडायला लागलं तर तेव्हा हिशोब परत मांडावा लागतो.

नेटवर 2012 चा कोरियाचा अभ्यास सापडेल, 76 पेशंट, 48 तासांत ऑपरेशन केलेल्यांत सहा आठवड्यांतले मृत्यू आणि गुठळीचे झटके मिळून 3 टक्के, बाकीच्यांत 23. आकडे भारी आहेत पण मोठा स्ट्रोक झालेले त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळे तो बाबांना जसाच्या तसा लावू नका.

सर्जन आणि न्यूरोवाल्यांना एकत्र बसवा, वेगवेगळं ऐकून तुम्ही नुसते फिरत राहाल. मेंदूच्या रक्तवाहिनीला इन्फेक्शनने फुगा आलाय का ते सीटी अँजिओत (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) बघितलंय का विचारा, आणि तारीख ठरली की ऑपरेशनच्या आधी ताजा सीटी करून घ्या.