बाळाची जीभ चिकटलेली आहे का, हे कसं तपासायचं? कापावीच लागते का?

१८ दिवसांचं बाळ, पिताना टक-टक आवाज, निप्पलला चिरा, आणि घरात निकाल लागलेला: 'जीभ चिकटलीय, कापून आणा.' ताई, या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

टॉर्च मारून तोंडात डोकावणं ही तपासणी नव्हे. जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो, आरशात बघा, तुम्हालाही दिसेल. तो जीभ अडवतोय का, एवढंच बघायचं असतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२४ च्या अहवालानुसार जीभ अशी चिकटलेली दिसणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिताना अडचण येते.

म्हणून आधी पाजणं बघा. उजव्या बाजूला पाजताना बाळ डाव्या हातावर, तळवा मानेखाली. डोक्यामागून दाबलंत की हनुवटी छातीकडे झुकते, तोंड अर्धवट उघडतं, निप्पल पुढच्या कडक टाळूवर घासतं आणि चिरा पडतात. निप्पल बाळाच्या नाकासमोर धरा, तोंड जांभईएवढं उघडू द्या, हनुवटी आधी टेकू द्या. निप्पलभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत जायला हवा. सुटल्यावर निप्पल नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटं दिसलं तर पकड उथळ आहे. हे पडदा नसतानाही होतं! आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्यूटोरियलमध्ये ही पकड नीट दाखवली आहे.

पकड सुधारूनही दुखतंय? मग जीभ. बाळ जागं आणि थोडं भुकेलं असताना बघायची, पोट भरल्यावर नाही. नख कापलेली, साबणाने धुतलेली करंगळी, मऊ बाजू टाळूकडे करून चोखायला द्यायची. मोकळी जीभ खालच्या हिरडीवर येऊन बोटाला पन्हळीसारखी कवेत घेते. अडकलेली मागे सटकते, बोटाला हिरडी लागते, आणि पकड सुटताना टक् वाजतं. (दूध फार जोरात येत असेल तरीही वाजतं, नुसत्या आवाजावर जाऊ नका.) जाणकार जिभेखालून बोट एका बाजूकडून दुसरीकडे फिरवतात. छोटा उंचवटा ओलांडून बोट सहज गेलं तर बहुधा काळजी नाही. ताठ तारेसारखं काही आडवं आलं तर पुढचं बघायचं.

त्यासाठी ब्रिस्टल नावाच्या गुण देऊन जीभ तपासायच्या पद्धतीत चार गोष्टी आहेत: जिभेचं टोक गोल की बदामासारखं खाचलेलं, पडदा तोंडाच्या तळाला चिकटलाय की हिरडीच्या वरच्या कडेला, रडताना जीभ तोंडाच्या मध्यापर्यंत उचलते का, आणि खालच्या ओठाबाहेर येते का. प्रत्येकीला ० ते २, एकूण ८. ० ते ३ आले तर जीभ खरंच बांधलेली. मधले गुण आलेल्यांनी कात्रीआधी पकडीवर मेहनत घ्यावी, असं माझं ठाम मत.

गरज असेल तिथे मी कापण्याच्या विरोधात नाही. बोथट टोकाची कात्री, काही सेकंद, दोन-चार थेंब रक्त, गॉज दाबायचा आणि लगेच अंगावर घ्यायचं. पण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास), ५ चाचण्या आणि ३०२ बाळं मिळून, आईचं दुखणं काही काळ कमी झालं. पिणं सुधारलंच असं सातत्याने दिसलं नाही. त्यामुळे 'लेसरच हवा', 'वरच्या ओठाचाही पडदा काढू', 'नंतर रोज जखम ताणा' असं सांगणाऱ्याला पुरावा विचारा. कापल्यावर पकड कोण बघणार, हेही विचारा. जन्मतः व्हिटॅमिन के दिलं होतं का, घरात कुणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, बाळाचा खालचा जबडा फार लहान आहे का, हे कापणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारायला हवं. विचारलं नाही तर उठून या. पुढे बोलायला अडेल या भीतीने आत्ता कापायचं कारण नाही. घरी नखाने किंवा ब्लेडने तर कधीच नाही.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: बाळाचं उघड्या अंगाने वजन करा. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन भरून यायला हवं, पुढे रोज २०-३० ग्रॅम वाढ, दिवसरात्र मिळून निदान ६ वेळा लघवी. तसं नसेल किंवा बाळ सुस्त असेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. तोवर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, जिभेचं नंतर बघू.