सर्व वाद्ये स्वतः वाजवू इच्छिणाऱ्यास

गीतलेखन, वादन आणि निर्मिती एकट्याने करायची असेल, तर अमेरिकी गायक, वादक आणि संगीत-निर्माते टॉड रंडग्रेन यांची कारकीर्द बारकाईने अभ्यासा. १९७२ मधील त्यांच्या दुहेरी (दोन तबकड्यांच्या) अल्बमच्या चारपैकी तीन बाजूंवर गायनासह सर्व वाद्ये त्यांचीच आहेत. तरीही माझ्या मते त्यांचा खरा कस लागला तो १९७७ मध्ये आलेला गायक मीट लोफ यांचा ‘बॅट आउट ऑफ हेल’ हा अल्बम निर्माता म्हणून घडवताना, कारण तेथे दुसऱ्याने रचलेली गाणी उभी करायची होती. त्याच्या शीर्षकगीतातील मोटारसायकलचा आवाज त्यांनी चक्क गिटारवर काढला आहे. तो एकदा हेडफोन लावून ऐकाच. तुम्ही मात्र प्रथम ड्रमचा ट्रॅक पक्का करा. तो लयीत डगमगला, तर त्यावर चढवलेले बास आणि गिटार कितीही सुरेख असले तरी गाणे सावरत नाही.