बोटांनी की पिकनं? बेसवाल्यांचे प्रश्न

मी आठ महिने बोटांनी बेस गिटार वाजवतोय. आमच्या ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले काका म्हणतात, "पिक घे, तुझा बेस ऐकूच येत नाही." पण प्लॅस्टिकच्या पिकनं तार छेडण्यापेक्षा बोटांनी वाजवणं हीच खरी पद्धत ना?
— नौपाडा, ठाणे

'खरी पद्धत' हा वाद आधी सोडून द्या. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचे. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरल के पिकनं वाजवत होत्या. दोघांचाही बेस खराच. आपल्याकडे सतारीला मिजराब लागते आणि सरोदला जवा, तिथे कुणी नाक मुरडत नाही.

काकांची तक्रार मात्र खरी असणार. तुमची जाड ई तार मोकळी छेडली की सुमारे 41 हर्ट्झचा सूर निघतो. सोसायटीच्या गणपतीत दोन छोटे टॉप स्पीकर लावलेले असतात, खालच्या सुरांचा मोठा स्पीकर म्हणजे सब नसतो. त्यातून हा मूळ सूर जवळजवळ बाहेरच पडत नाही. लोकांच्या कानावर पडतात ते त्याच्या वरचे उपस्वर आणि तार सुटतानाचा 'टक्'. बोटाचं पेर रुंद आणि मऊ असल्यानं हे वरचे स्वर गिळून टाकतं. पिकची कड टणक आणि अरुंद असते, त्यामुळे ते शाबूत राहतात. म्हणून पिकचा बेस गर्दीतही ऐकू येतो.

तरीही आज लगेच पिक आणायला धावू नका. आधी हात सरकवून बघा. नेक संपते तिथे छेडलं तर आवाज गोल आणि फुगलेला येतो. तिथून पाच-सात सेंटिमीटर ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या असतात तिकडे, आलात की तोच सूर आवळून, स्पष्ट येतो. तारांखाली आवाज पकडणारे दोन पिकअप असलेला बेस असेल तर अंगठा मागच्या पिकअपवर टेकवा. मग अँपवर बेसचं (खालच्या सुरांचं) बटण थोडं कमी करा आणि मिड (मधले सूर) वाढवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. घरी एकट्यानं वाजवताना गोड लागणारं सेटिंग ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की नुसता चिखल होतं.

एवढं करूनही भागलं नाही, तर पिक घ्या, पण गाणं बघून. संथ गाणी, सूर लांबवायचे असतील तिथे किंवा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असेल तिथे बोटं. सरळ धावती लय असेल, प्रत्येक ठोका एकसारखा पडायला हवा असेल, तिथे पिक. एका कार्यक्रमात दोन्ही लागतात. पिक तळहातात दाबून ठेवून मधली गाणी बोटांनी वाजवणं आठवडाभरात जमतं.

गिटारवाल्या मित्राकडून पिक घेतला. तो बोटांतून फिरतो, आणि बाकीच्या तारा मागे घुमत राहतात. काय चुकतंय?
— कोपरखैरणे

दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली पिकची. बरेच गिटारवाले 0.6 मिलिमीटरच्या आसपासचा पातळ पिक वापरतात. बेसची जाड तार त्याला वाकवते, सूर उशिरा निघतो आणि प्लॅस्टिकची फडफड ऐकू येते. 1 ते 1.2 मिलिमीटरचा घ्या. मोठा त्रिकोणी आकार मिळाला तर उत्तम, पकड जास्त मिळते. तर्जनी दुमडा, तिच्या शेवटच्या पेराच्या बाजूवर पिक ठेवा आणि वरून अंगठा टेकवा. टोक फक्त चार-पाच मिलिमीटर बाहेर राहू द्या. त्याहून जास्त बाहेर आलं की ते तारेत अडकतं आणि पिक गर्रकन फिरतो. मे महिन्यात बंद खोलीत प्रॅक्टिस असेल तर घामानंही निसटतो. त्याला उपाय म्हणजे अंगठ्याच्या जागी कर्कटकानं आडवे-उभे ओरखडे काढा. पिक तारेला अगदी समांतर धरू नका. किंचित तिरका ठेवलात की कड घसरून जाते. फार तिरका केलात तर गुंडाळीच्या तारेवर खरखर येते.

हात मनगटातून हलवा, कोपरातून नको. बेसच्या दोन तारांमध्ये ब्रिजपाशी साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं, गिटारला त्याच्या निम्म्याच्या आसपास. गिटारच्या सवयीनं हात टाकला की मधल्याच तारेवर पडतो.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. बोटांनी वाजवताना अंगठा जाड तारेवर विसावतो आणि छेडणारं बोट पुढच्या तारेवर जाऊन थांबतं. म्हणजे नकळत तारा गप्प होत असतात. पिक धरला की ही दोन्ही कामं बंद पडतात, आणि ती आता तळहाताला करावी लागतात. करंगळीखालची कड ब्रिजजवळ जाड तारांवर अलगद टेकवा. डाव्या हाताची रिकामी बोटंही तारांवर आडवी पसरू द्या, पण दाबू नका. तपासायचं असेल तर सगळ्यात बारीक 'जी' तारेवर एक सूर छेडा आणि फक्त तीच तार बंद करा. मागे घरघर उरली तर कुठलीतरी तार मोकळी सुटली आहे. तळहात ब्रिजच्या खूप पुढे गेला तर छेडलेली तारही 'ठप्प' होते. कधीकधी तोच आवाज हवा असतो. मग ब्रिजपाशी तारांखाली मऊ स्पंजची पट्टी सारून बघा, हात मोकळा राहतो.

बोटांनी मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेला चार सूर वाजवताना ठोके वरखाली होतात, घोडा लंगडल्यासारखे. तिसरं बोट वापरू का?
— ऐरोली

नको, अजून नको. 120 ला मात्रेमागे चार म्हणजे सेकंदाला आठ ठोके. हे दोन बोटांच्या आवाक्यात आहे, आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचे बेसवाले स्टीव्ह हॅरिस तर आयुष्यभर धावती लय बोटांनीच वाजवत आलेत. तुमची गडबड वेगाची कमी आणि जोराची जास्त वाटते. बोट तारेखाली खोल शिरलं की बाहेर यायला वेळ लागतो. पेराचं फक्त टोक तारेला लागू द्या. तार वर उचलू नका, आडवी, अंगठ्याच्या दिशेनं ढकला. आवाज कमी पडला तर अँप वाढवा, बोट नाही.

मधलं बोट लांब असतं. ते थोडं जास्त वाकवा, म्हणजे दोन्ही टोकं एका रेषेत येतील. नखं कापा, एकाच बोटाचं नख तारेला लागलं तरी तो ठोका चमकतो. मग मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) 60 वर, एकच सूर, मात्रेमागे चार ठोके, दोन मिनिटं. सुरुवात मुद्दाम मधल्या बोटानं करा, म्हणजे दुबळं बोट समेवर येईल. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना कान फसवतात. एकसारखं आलं की पाचनं वाढवा, बिघडलं की दहानं खाली या. जाड तारेकडे उतरताना बोट बदलू नका, तेच बोट घसरत पुढच्या तारेवर न्या.

डाव्या हाताचं मनगट काटकोनात मुडपत असेल तर पट्टा आखूड करा. बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी वाजवणं बंद, आणि परत परत आल्या तर डॉक्टरकडे जा.

मुलगी आठवीत आहे. बेस शिकायचाय, पण बोटं दुखतात म्हणते. पिकनं सुरुवात केली तर चालेल?
— वाशी

चालेल, पण आमचं मत बोटांच्या बाजूनं. तारा गप्प करायची सवय बोटांनी आपोआप लागते, ती पुढे पिकलाही उपयोगी पडते. बेस नेहमीचा 34 इंची स्केलचा (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) असेल तर 30 इंचीचा विचार करा. तारा सैल लागतात आणि नेकवरच्या फ्रेटच्या पट्ट्याही जवळ येतात. रोज एक तास सलग बसवण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा बसवा. उजव्या हाताला फोड आला तर फोडू नका, तो बसेपर्यंत पिकनं वाजवू द्या. तीन-चार आठवड्यांत कातडी राठ होते.

पावसाळ्यात तारा काळ्या पडतात, बोटंही काळी होतात. पिक वापरला तर तारा टिकतील का?
— घोडबंदर रोड, ठाणे

थोड्या. उजव्या हाताचा घाम कमी लागतो, पण डावा हात तारेवर असतोच, आणि खाडीकाठची हवा तुमच्या पिकला विचारत नाही. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याच्या चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत पुसा, खालची बाजूसुद्धा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. चकाकता आवाज नकोच असेल तर सपाट गुंडाळीच्या तारा लावा. त्यांच्या खाचांत घाण साचत नाही, त्या बोटांनाही मऊ लागतात. पिकचा 'टक्' मात्र त्यांच्यावर बोथट होतो. जून-जुलैत नेकचा बाक बदलून तारा उंच वाटल्या तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, बाक जुळवणारा दांडा) एका वेळी पाव फेराच फिरवा, आणि नेक एक दिवस बसू द्या.