कारण विचारू नकोस

प्रिय मुली,

परिसंवादासाठी लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. पहिली तीन पानं ठाम आहेत. चौथ्या पानावर तू कच खाल्लीस. स्त्रीचा तिच्या शरीरावर हक्क आहे, मात्र सबळ कारण असेल तरच तिने तो बजावावा, असं तिथे लिहिलं आहेस. असं का लिहिलंस, तेही सोबतच्या चिठ्ठीत प्रामाणिकपणे सांगितलंस. कोणत्याही कारणासाठी गर्भपाताचा हक्क मान्य केला, तर मुलगी नको म्हणून केलेला गर्भपातही त्यात बसतो. तो बसत नाही म्हणावं, तर मग बाकीच्या सगळ्यांकडेही कारण मागावं लागतं. तू बीडची आहेस. २०११ च्या जनगणनेत तुझ्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तुझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही हे मला कळतं.

तरीही ते वाक्य काढून टाक. ज्यासाठी कारण द्यावं लागतं ती परवानगी. परवानगी देणारा कुणीतरी वर बसलेला असतो, आणि ती त्याच्या मर्जीने आटते.

आपला कायदा याचाच नमुना आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा सगळे स्त्रीचा हक्क म्हणून मिरवतात. त्याचं तिसरं कलम काढून नीट वाच. त्यात संरक्षण मिळतं ते डॉक्टरला: दंड संहितेत काहीही म्हटलेलं असलं तरी, अमुक अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही. मूळ गुन्हा जागच्या जागी आहे. पूर्वी तो कलम ३१२ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. शांतिलाल शाह समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा चोरून केलेल्या गर्भपातात मरणाऱ्या बाया तिच्या डोळ्यांसमोर होत्या. कळवळा खरा होता. पण कळवळ्यातून परवानगीच निघते, आणि आज पन्नास वर्षांनंतरही आपण तिथेच उभे आहोत.

म्हणून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि तेही ती नियमातल्या यादीत बसली तरच: बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. २४ च्या पुढे फक्त ठळक व्यंग, आणि त्यासाठी वैद्यकीय मंडळ. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर कलम ५. तिथे आठवड्यांची मर्यादा नाही आणि एक डॉक्टर पुरतो. ही यादी तुला झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजे, कारण तुझ्यासमोर येणाऱ्या बाईला आज हीच उपयोगी पडणार आहे. पण यादीलाच न्याय समजून बसू नकोस. २० आठवड्यांच्या आतल्या बहुतेक कागदांवर ‘गर्भनिरोधक साधन फसलं’ असंच लिहिलेलं असतं, साधन वापरलेलं असो वा नसो. मूल नको, एवढं खरं कारण लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

आता तुझं दुसरं पान. जीव कधी सुरू होतो यावर तू दीड पान खर्च केलंस: हृदयाचे ठोके, मेंदू, वेदना. हे सगळं प्रतिपक्षाच्या मैदानावर जाऊन खेळणं आहे. तू बाराव्या आठवड्याचं काही सिद्ध केलंस की ते दहाव्याचं काढतील. त्याऐवजी अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ ज्यूडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ साली धरलेली वाट धर. गर्भ पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस आहे, हे वादापुरतं मान्यच करून टाक. मग विचार: एका माणसाला जगण्याचा हक्क आहे, म्हणून दुसऱ्याचं शरीर वापरण्याचाही हक्क त्याला मिळतो का? अवयव प्रत्यारोपणाचा आपला १९९४ चा कायदा जिवंत माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या अवयवाला हात लावू देत नाही. पोटच्या मुलाला मूत्रपिंड हवं असलं आणि बापाचंच जुळत असलं, तरी कुठलंही न्यायालय बापाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवू शकत नाही. १९७८ साली पिट्सबर्गच्या न्यायालयात एका मरणाऱ्या रुग्णाने चुलत भावाचा अस्थिमज्जा सक्तीने मागितला होता. भावाचा नकार नैतिकदृष्ट्या निंद्य आहे असं न्यायाधीशांनी सुनावलं, आणि तरीही सक्ती नाकारली. हे दोन्ही एकत्र धरता येणं हाच तुझ्या टिपणाचा कणा असायला हवा. एखाद्याचा निर्णय आपल्याला वाईट वाटू शकतो. तो त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार त्याने आपल्याला मिळत नाही.

समोरचा म्हणेल, बाई स्वतःच्या कृतीने गरोदर राहिली, जबाबदारी तिची. भरधाव गाडीने एखाद्याला उडवणाऱ्याचं उदाहरण दे. त्याला तुरुंग होईल, भरपाई द्यावी लागेल, पण जखमीला वाचवायला त्याच्या दंडात सुई खुपसून कुणी रक्त काढत नाही. गुन्हेगारालाही जे संरक्षण आहे, ते गरोदर बाईला का नसावं, याचं उत्तर त्यांच्याकडून माग आणि मिळेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

आता मुलीचा प्रश्न. इथे तू दोन गोष्टी एकत्र केल्यास. शरीरावरचा हक्क एक. गर्भाचं लिंग जाणून घेण्याची सेवा डॉक्टरकडून मिळवणं ही दुसरी. पहिली नाकारली तर नऊ महिने बाईचं शरीर तिच्या इच्छेविरुद्ध वापरलं जातं. दुसरी नाकारली तर तिच्या शरीराला कुणी हातही लावत नाही. एका व्यावसायिकाचं तोंड तेवढं बंद राहतं. व्यावसायिकावर असे निर्बंध शासन घालू शकतं. १९८८ साली महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, तेव्हा त्यासाठी झगडणाऱ्या संघटनांनी बंदी मागितली ती चाचणीवर. गर्भपातावर मागितली नाही. आम्ही बायकांच्या हक्कांची भाषा करतो आणि चाचणी नाकारतो म्हणून तेव्हाही आमच्यावर विसंगतीचा आरोप झाला. विसंगती नव्हती. रेषा विचारपूर्वक ओढलेली होती आणि तीच बरोबर होती. १९९४ च्या केंद्रीय कायद्यातही तीच आहे: बाईला चाचणीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. सासूच्या धाकाने केलेला गर्भपात तिच्या हक्कात मुळातच बसत नाही, कारण तो निर्णय तिचा नसतो.

तू पुढे विचारशील, आणि विचारायलाच हवंस, की कुणाचाही दबाव नसताना एखादीने स्वतःच ठरवलं तर? तर तिलाही कारण विचारायचं नाही. हे कडू आहे. म्हणायला जीभ वळत नाही हे मला माहीत आहे. पण तिच्या एकटीच्या मनात डोकावण्यासाठी तू खिडकी उघडलीस, तर त्याच खिडकीतून शासन प्रत्येकीच्या मनात डोकावणार.

डोकावलंच आहे. बीडमधली लिंगनिदान आणि गर्भपाताची प्रकरणं २०१२ मध्ये गाजली, त्यानंतर राज्यभर धडक तपासण्या झाल्या आणि अनेक औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत वापरायच्या. लिंग सोनोग्राफीत दिसू लागतं ते साधारण १३-१४ आठवड्यांना. म्हणजे गोळ्या अडवून एकही लिंगनिदान थांबत नाही. थांबते ती सातव्या आठवड्यात आलेली, जिला गर्भाचं लिंग ठाऊक असण्याची शक्यताच नाही अशी बाई. तिला एक दवाखाना दुसऱ्याकडे पाठवतो, तिथे नवऱ्याची सही मागतात, तिसरीकडे आधार कार्ड, आणि बघता बघता चौदा आठवडे होतात. मग तिच्यावर संशय घ्यायला सगळे मोकळे. लिंगनिदान थांबवायचं तर यंत्राकडे जा. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो. सोनोग्राफी केंद्राने कळवलेला आकडा आणि जमा झालेले फॉर्म ताडून बघ. तक्रार समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी दे, कारवाई झाली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात जाता येतं. हे चिकाटीचं, कंटाळवाणं काम आहे, आणि बाईला दारातून परत पाठवणं सोपं आहे, म्हणून यंत्रणा सोपं ते करते.

कारण विचारणारा कायदा शेवटी कुठे जातो हे बघायचं तर सविता हलप्पनवार यांचं प्रकरण वाच. मूळच्या बेळगावच्या, दंतवैद्य, वय ३१. २०१२ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या गॉलवे इथे सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. त्यांनी गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून नाकारला गेला. तिथल्या राज्यघटनेत १९८३ पासून आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समसमान होता. डॉक्टर थांबले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. एका शरीरात दोन समान हक्क लिहून ठेवले की डॉक्टर बाईकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघतो. ते कलम काढायला २०१८ चं सार्वमत लागलं, ६६.४ टक्के मतांचं.

आपल्याकडची न्यायालयं दोन्ही बोटी धरून आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, कैदी महिलांबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, गर्भ बाईच्या शरीरात वाढतो म्हणून निर्णय तिचाच, असं स्वच्छ सांगितलं. त्याच न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत गंभीर व्यंग असलेल्या गर्भाच्या प्रकरणात, ३३ व्या आठवड्यात, वैद्यकीय मंडळाचा नकार बाजूला सारून निवड याचिकाकर्तीची आहे, मंडळाची नाही, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अविवाहितांनाही २४ आठवड्यांची मुदत दिली. आणि १६ ऑक्टोबर २०२३ ला दोन मुलांच्या एका आईला परत पाठवलं. तिच्यावर बाळंतपणानंतरच्या मनोविकाराचे उपचार चालू होते, अंगावर पाजत असल्याने पाळी आलेली नव्हती, म्हणून गर्भ उशिरा कळला. २६ आठवडे झाले होते, गर्भात व्यंग नव्हतं, तिच्या जीवाला तातडीचा धोका नव्हता. यादीत बसत नव्हती.

या शेवटच्या प्रकरणात एक खरा अवघड प्रश्न आहे, तो टाळू नकोस. २६ आठवड्यांचा गर्भ बाहेर काढला तर जगू शकतो. शरीरावरच्या हक्कातून निघतं ते एवढंच, की माझं शरीर मोकळं करा. गर्भाचा मृत्यू हवा, हे त्यातून आपोआप निघत नाही. थॉमसन यांनीही हा फरक केलाच आहे. तिथून पुढे शासनाने त्या जिवाची जबाबदारी उचलावी आणि बाईचं शरीर सोडावं, हे माझं मत. तू वेगळं मत मांड, पण मांड.

कायदा मदत कक्षात बसतेस तिथे मात्र हे वाद काढू नकोस. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात, हे बहुतेकींना माहीत नसतं. सज्ञान बाईला, ती मनोरुग्ण नसेल तर, फक्त स्वतःची सही लागते. अल्पवयीन असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, हे २०२२ च्या निकालात आहे. दवाखान्याने नकार दिला तर तारखेसह लेखी माग, आणि त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. २४ आठवडे उलटले असतील तर औरंगाबाद खंडपीठात याचिका, आणि पहिल्याच तारखेला मंडळाकडून तपासणीचा अंतरिम आदेश माग. तो मागायचा राहिला की आठवडा हातचा जातो. आणि तिला का, असं विचारू नकोस. सांगायचं असेल तर ती सांगेल.

टिपणाच्या शेवटी जोडलेला तक्ता दुरुस्त कर. १२ आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर आणि २० पर्यंत दोन, हा २०२१ च्या आधीचा नियम तू उतरवला आहेस. चौथं पान नव्याने लिहून झालं की सगळं पुन्हा पाठव.

तुझी,
ताई